‘बारीक तेवढी सुरक्षित’ हे चूक : मूत्रमार्गात सळई घालण्याबाबत खुलासा

‘साउंडिंग’साठी, म्हणजे लैंगिक सुखासाठी मूत्रमार्गात सळई घालण्यासाठी, पेनची रिफिल उकळावी, खोबरेल तेल लावावे, बारीक वस्तूने इजा होत नाही, असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो धोकादायक आहे.

बारीक टोक मूत्रमार्गाच्या नाजूक अस्तरात रुतू शकतं आणि भलतीच वाट पाडू शकतं. जखम भरताना व्रण आकसतो, लघवीची धार बारीक होऊ शकते. रिफिल तर निसटून थेट मूत्राशयात जाऊ शकते. मग ती काढायला दुर्बीण घालावी लागते. म्हणून गुळगुळीत, गोल टोकाची, मागे रुंद बूड असलेली सर्जिकल स्टीलची सळईच घ्यावी. पुरुषांत सुरुवातीला साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाडी. सहज जात नसेल तर थांबायचं.

ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं निर्जंतुकीकरण हवं. तेल किंवा थुंकी नको. पाण्यात विरघळणारं निर्जंतुक जेल, एकदाच वापरायच्या पाकिटातलं, भरपूर घ्यावं. बधिर करणारं जेल मुळीच नको, कारण दुखणं हीच थांबण्याची खूण आहे.

सुख हळूवारपणात आहे. सळई स्वतःच्या वजनाने उतरू द्यावी, ढकलू नये. सरळ सळई शिश्नाच्या मुळाशी असलेल्या मूत्रमार्गाच्या वळणापुढे नेऊ नये. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुढे लगेच मूत्राशय. तिथे हा प्रयोग नकोच.

नंतर लघवी करावी. किंचित जळजळ दिवसभरात शमते. रक्त थांबेना, ताप आला, लघवी अडली, तर त्याच दिवशी यूरोलॉजिस्टकडे जाऊन खरं कारण सांगावं.