गाणार कोण?

डिसेंबर लागला की आमच्या सोलापूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तोच वाद वर येतो: शाळेत पोरांना सांताक्लॉजची टोपी घालायची का, नाताळ आपला की त्यांचा? यंदा एकानं मला थेट विचारलं, "तू तर तिकडंच राहतोस, तूच सांग." म्हणून सांगतो.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये हडर्सफील्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव आहे. तिथले भोंगेही आपल्यासारखेच बंद पडले, पण गाणं बंद पडलं नाही. हडर्सफील्ड कोरल सोसायटी 1836 पासून गाते आहे आणि दर नाताळात टाऊन हॉलमध्ये हँडेल या संगीतकाराचं 'मसाया', म्हणजे येशूवरची मोठी समूहगायनाची रचना, सादर करते. पुढं उभे राहणारे चार गायक आणि वाद्यवृंद व्यावसायिक. मागचा प्रचंड कोरस मात्र पोटापाण्याचं काम सांभाळून हौसेनं गाणाऱ्यांचा. कोरसमधले उंच-खालच्या आवाजांचे चार गट एकाच वेळी चार वाटांनी जातात आणि नेमके एका ठिकाणी येऊन भेटतात. त्यासाठी महिनोन् महिने संध्याकाळी सराव चालतो.

कोरसच्या मागं हेन्री विलिसनं बांधलेला ऑर्गन भिंतभर उभा आहे. आपल्या पेटीत भात्याची हवा पितळी सुरांना थरथरवते. इथं ती शेकडो नळ्यांतून फुंकली जाते. सगळ्यांत खर्जातले स्वर पायानं वाजवतात, आणि ते कानाच्या आधी बसल्या खुर्चीतून अंगात शिरतात. 'मसाया'मधलं 'हालेलुया' हे समूहगान सुरू झालं की अख्खं सभागृह उभं राहतं. मी ख्रिस्ती नाही, तरी दर वेळी माझा गळा दाटून येतो.

आता 'आपलं-त्यांचं' बघू. हँडेल जन्मानं जर्मन. 'मसाया' पहिल्यांदा गायलं गेलं डब्लिनला, 1742 च्या एप्रिलमध्ये. नाताळाशी त्याची गाठ नंतर पडली. त्या पहिल्या प्रयोगाच्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेली माणसं सोडवली गेली. आज इंग्रज माणसाला ते परकं वाटत नाही, कारण पिढ्यान् पिढ्या त्यानं ते स्वतः गायलंय.

आपली पेटीही फ्रान्समधून आली. परकी म्हणून आकाशवाणीनं 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती 1971 मध्ये उठली, तीही अंशतःच. त्या काळात एकाही भजनी मंडळानं पेटी खाली ठेवली नाही. आणि नाताळ सोलापुरात मॉलमधून आलेला नाही. अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती धर्मप्रचारकांची संस्था एकोणिसाव्या शतकातच आपल्याकडं आली. रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी पदं आपल्या चर्चमध्ये तबला-पेटीवर म्हटली जातात. ती ऐकून नाताळ परका म्हणणाऱ्यानं मला पुन्हा फोन करावा.

मला काळजी आहे ती वेगळीच. गणपती असो, जयंती असो, आपण आवाज भाड्यानं आणायला लागलोय. स्पीकरच्या भिंती, त्यावर दुसऱ्याचं गाणं, आणि पोरं नुसती पुढं नाचतात. रहिवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती कोण पाळतंय? डीजे बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी पूर्णपणे आहे, पण नुसत्या बंदीनं भागणार नाही. त्या जागी हातात लेझीम हवी, तोंडात गाणं हवं. सरावाची सवय आपल्याला नवी नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेआधी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतले उंच जड ध्वज, पेलण्याचा सराव कसा चालतो ते प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक आहे.

इकडं सगळं गोड आहे असंही नाही. कोरसमध्ये पांढरी डोकी जास्त दिसतात, नव्या पोरांना कसं आणायचं ही त्यांना चिंता आहे. गावात आपल्या उपखंडातली माणसं भरपूर, पण त्या संध्याकाळी सभागृहात थोडीच. त्याचं मला वाईट वाटतं, आणि दर वर्षी कुणाला ना कुणाला सोबत नेण्याचा मी प्रयत्न करतो.

तर मित्रांनो, पुढच्या डिसेंबरात हुतात्मा स्मृती मंदिरात एक संध्याकाळ करूया. चर्चची गायक मंडळी, पूर्व भागातली तेलुगू भजनं, आपली मराठी भजनी मंडळं, सगळे एका मंचावर, आणि शेवटचं पद सगळ्यांनी मिळून. हॉलचं भाडं आम्ही बाहेर राहणारे भरतो. दर आठवड्याला सरावाला कोण कोण येणार, तेवढी नावं ग्रुपवर टाका.