‘कुत्र्याचं औषध दिलं नाही’ म्हणून मिळालेल्या एका ताऱ्याला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तो थोडक्यात इथं देतो. तुमच्या कुत्र्यानं सांदवाडीतली (घरामागच्या वाडीतली) संत्र्याची सहा कलमं आणि एक मोगरा उकरला. कुत्रं तिकडं फिरकू नये म्हणून तुम्ही आमच्या कृषी दुकानात थिमेट हे कीटकनाशक मागितलं, ते मिळालं नाही. ‘औषध तर नाहीच, वरून कुत्रा कसा पाळायचा हे शिकवून राहिले.’ कलमांचे पैसे वापस मागितले, तेही दिले नाहीत. म्हणून एक तारा, सोबत दोन फोटो.

तारा राहू द्या. फोटो टाकलेत हे मात्र बरं केलं. काउंटरवर गर्दीत तुम्ही जे सांगत होता त्याहून जास्त त्या फोटोंत दिसतं. त्यातलं एक काम घाईचं आहे, ते आधी सांगतो. भांडण नंतर करू.

पहिला फोटो मोठा करून पाहा. कुत्र्यानं एका बाजूनं उकरलेली माती दुसऱ्या बाजूनं खोडावर चढली आहे. कलमाचा डोळा जिथं बांधलेला असतो तो जोड मातीखाली गेला आहे. संत्र्याचा जोड जमिनीच्या वर निदान वीतभर मोकळा राहायलाच पाहिजे. ओली माती तिथं चिकटून राहिली की फायटोफ्थोरा बुरशी सालीत शिरते, साल कुजते, डिंक गळायला लागतो. डिंक्या म्हणजे काय हे वरुड-मोर्शीच्या माणसाला मी सांगायला नको. आज ऊन आहे म्हणून झाडं हिरवी दिसतात. मृगाचं पाणी त्या मातीवर पडलं की मग अवघड होईल. म्हणून आजच संध्याकाळी ती माती हातानं बाजूला करा, पावडं लावू नका, साल सोलली जाते. जोड आणि खोड ओल्या फडक्यानं पुसा आणि बोर्डो पेस्ट लावा. सहा झाडांना लिटरभर पुष्कळ होते: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली घेऊ नका, मोरचूद लोखंड खातो. दुसऱ्या बाजूला मुळ्या उघड्या पडल्या असतील त्या लगेच मातीनं झाका. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या थरातच असतात, एका दिवसाच्या उन्हात वाळतात. तुमची दोन झाडं गेली असं मला फोटोवरून वाटतं, पण चार वाचतील.

आता कुत्रा. त्याच फोटोतला खड्डा कसा आहे पाहा. खोल नाही, पसरट आहे, काठ गोल आहेत, तळ दाबून गुळगुळीत झालाय आणि बरोबर ड्रिपरच्या, म्हणजे ठिबकच्या तोटीच्या, खाली आहे. हा झाडावरचा राग नाही, ही झोपायची जागा आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता काढतो आणि पोटाकडची विरळ केसांची कातडी थंड जमिनीला टेकवतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, गावातली मोकाट कुत्री कुठं बसतात ते पाहा: रांजणाखाली, सार्वजनिक नळाच्या चिखलात, कोणाच्या कूलरचं पाणी गळतं तिथं. तुमचा लॅब्राडोर. मूळ थंड मुलखातली, दाट केसांची जात. मी विचारलं होतं की दुपारी कुठं बांधता, तुम्ही म्हणालात टिनाच्या शेडखाली. सेहेचाळीस अंशाच्या दुपारी टिनाखाली आपण माणसं पंख्याशिवाय अर्धा तास बसत नाही. तो साखळी सोडवून पळणार आणि अख्ख्या सांदवाडीत ओली जागा एकच, संत्र्याच्या बुडाशी, ती शोधणार. मी हे विचारलं त्याला तुम्ही शिकवणं म्हणता. पण हे विचारल्याशिवाय कुणी उपाय सांगत असेल तर तो अंदाजे सांगतो.

दुसऱ्या फोटोतला खड्डा निराळा आहे. मोगरा मुळासकट बाहेर, माती चारी बाजूंना उडालेली, खड्डा अरुंद आणि खोल. तिथं तो काहीतरी शोधत होता, आणि काय ते मला माहीत आहे, कारण ती पिशवी आमच्याच दुकानातून गेली. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, कुत्र्याला त्याचा वास सुटत नाही. देताना सांगितलं होतं की खड्ड्याच्या तळाशी, मातीत कालवून घाला. फोटोत तो पांढरा चुरा वरच पसरलेला दिसतो. कुत्र्यानं जास्त खाल्लं तर पोटात त्याचा गोळा बसतो, उलट्या होतात, म्हणून वरचा सगळा खरवडून उचला. आणि खरं सांगायचं तर आपल्या काळ्या, चुनखडी असलेल्या जमिनीत बोनमीलमधलं स्फुरद (फॉस्फरस) झाडाला फार हळू मिळतं, ते आम्लधर्मी जमिनीतलं खत आहे. लोक नाव घेऊन मागतात म्हणून आम्ही ठेवतो. स्फुरदच पाहिजे असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, सोळा टक्के स्फुरद, सोबत गंधक, आणि कुत्रं हुंगतही नाही. हे मी तुम्हाला तेव्हाही म्हटलं होतं, तुम्हाला ‘ऑरगॅनिकच’ हवं होतं. ऑरगॅनिकच्या नावावर कुणी एरंडीची पेंड देत असेल तर मात्र कुत्र्याच्या घरी ती अजिबात नेऊ नका. एरंडीच्या बियांतलं विष पेंडीत राहू शकतं, आणि बोनमीलसोबत मिसळली तर कुत्रं ती आवडीनं खातं.

थिमेटबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘सगळेच टाकतात.’ टाकत होते, हे खरं आहे. फोरेट, म्हणजे ज्याला आपल्याकडे सरसकट थिमेट म्हणतात, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. बंदीचा आदेश २०१८ चा, त्याआधी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले होते. ते प्रकरण वेगळ्या औषधांचं होतं, पण औषध विकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ते बसलेलं आहे, निदान बसलेलं असावं. कुणाच्या कोठ्यात जुनी पुडी पडून असेल तर ती कुत्र्यासाठी बाहेर काढू नका. ते वासानं पळवणारं औषध नाही, ते ज्ञानतंतूंवर चालणारं विष आहे. कुत्र्यानं पाय चाटला तरी पुरे: तोंडाला फेस, थरथर, झटके. त्याच मातीत तुमच्या घरच्या कोंबड्या चरतात आणि शेजारचं लेकरू खेळतं, हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. कायद्याचं पण ऐका. प्राण्याला विष घालून मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. शेजाऱ्याचं कुत्रं मेलं तर तुमच्यासोबत दुकानदारालाही ठाण्यात बसावं लागेल. तेव्हा ‘दिलं नाही’ ही तक्रार मला मान्य आहे, आणि पुढच्या वेळीही देणार नाही.

तिखट टाकायचा सल्ला तुम्हाला अभिप्रायाखाली तिघा-चौघांनी दिलाय. नका टाकू. कुत्र्याच्या नाकाडोळ्यांची आग होते आणि ड्रिप चालू झालं की तिखट धुऊन जातं, म्हणजे छळही झाला आणि उपयोगही नाही. डांबराच्या गोळ्या त्याहून वाईट, खाल्ल्या तर विष. फिनाईलनं पंजे भाजतात आणि मातीही बिघडते. संत्र्याच्या साली चालतात, लिंबूवर्गीय वास बहुतेक कुत्र्यांना नको असतो, पण वाळल्या की वास गेला, आणि आत्ता मृग बहाराचीही संत्री संपलेली, साली आणणार कुठून?

मग करायचं काय? त्याला त्याची जागा द्या. कडुनिंबाखाली, टिनापासून लांब, कुत्रा आडवा मावेल एवढा खड्डा टिकासानं खणा, गुडघ्याला थोडा कमी खोल. तुमची काळी माती काढून त्यात नाल्यातली रेती भरा, काळी माती भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळते, त्याला आवडणार नाही. दुपार व्हायच्या आत दोन बादल्या पाणी टाका. पहिले काही दिवस रेतीत थोडं खाली भाकरीचा तुकडा नाहीतर त्याचा खेळण्याचा चेंडू पुरून ठेवा आणि त्याच्यासमोर उकरायला लावा. सापडलं की पाठ थोपटा. संत्र्याकडे वळला तर त्याच क्षणी हाक मारून इकडे आणा. संध्याकाळी घरी येऊन खड्डा पाहिला आणि मग काठी उगारली, तर कुत्र्याला त्यातून एवढंच कळतं की मालक संध्याकाळी रागावतो.

कलमांच्या आळ्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आडव्या-उभ्या जाडसर अंथरा. ओल टिकते आणि त्यावर कुत्र्याला आरामात बसता येत नाही. खोडाला टेकवू नका, तिथं पुन्हा बुरशीचंच भय. तुराट्या तुमच्या धुऱ्यावर पडल्याच असतील, त्यासाठी दुकानात येऊ नका. मोगऱ्याभोवती कोंबडीची जाळी आडवी पसरा, वर दोन बोटं माती, कडा खाली मुडपून. पंजा जाळीला लागला की तो सोडून देतो. जाळी आमच्याकडे मिळते, हार्डवेअरवाल्याकडे स्वस्त पडेल.

पहाटे एक चक्कर वावरापर्यंत न्या त्याला. तरुण कुत्रा, दिवसभर साखळीला, त्याच्या अंगातली रग कुठेतरी निघणारच. आणि एवढं करूनही भिंतीच्या कडेनं किंवा कडब्याच्या गंजीजवळ उकरत असेल तर आधी बीळ शोधा. घूस असेल. तिथं कुत्रा तुमचं काम करून राहिला आहे, आणि तिथं झिंक फॉस्फाईड हे उंदीर-घुशीचं विष ठेवायचं असेल तर कुत्रा बांधलेला पाहिजे, मेलेली घूस त्यानं खाल्ली तर तोही जाऊ शकतो.

पैशाचं. कलमं मागच्या पावसाळ्यात गेली, उन्हाळ्यापर्यंत चांगली वाढली, हे तुम्ही स्वतः लिहिलंय. कलम रोगट निघालं, डोळा चुकीचा निघाला, डोळ्याऐवजी खालचा खुंटच फुटून वाढला, तर आम्ही बदलून देतो, बिलाच्या मागे तसं छापलेलं आहे. कुत्र्यानं उकरलेल्याचे पैसे वापस देणं जमणार नाही. गेलेल्या दोन झाडांच्या जागी नवी कलमं पाहिजे असतील तर खरेदीच्या भावात देतो, पण एक चांगला पाऊस पडून जमीन भिजल्यावरच न्या, आणि त्याआधी जुने खड्डे उघडे करून उन्हात तापू द्या. मोरचूद-चुन्याची पुडी काउंटरवर तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, बाकी कोणत्याही दिवशी सकाळी या, आणि जोडाचा एक जवळून काढलेला फोटो घेऊन या.