उंची वाढते, पण कुठली?
स्प्रिंगा बदलून गाडी 2 इंच उंच केली की खालची मोकळी जागाही सगळीकडे तेवढीच वाढते, हे गाडी उंच करण्यावरच्या लेखातील विधान मारुतीच्या जिम्नीसारख्या सलग अ‍ॅक्सलच्या (डावे-उजवे चाक एकाच आडव्या कण्याला जोडलेल्या) गाडीला लागू पडत नाही, कारण तिथे अ‍ॅक्सलवरचा डिफरेन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो उचलायचा तर मोठे टायरच लावावे लागतात. माझ्या गाडीला ठाण्यातल्या एका गॅरेजात नुसत्या उंच स्प्रिंगा बसवल्या, तेव्हा कॅस्टर कोन (पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कल) कमी झाल्याने घोडबंदर रस्त्यावर वळण संपले तरी स्टिअरिंग आपणहून सरळ येईना, आणि पॅनहार्ड रॉडची (अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या दांड्याची) लांबी तीच राहिल्यामुळे मागचे एक चाक दुसऱ्यापेक्षा जरा जास्त बाहेर डोकावू लागले (शेजाऱ्यांना ते हौसेने केलेले वाटले!). चाक पूर्ण लोंबकळल्यावर ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात का, हेही तपासून घ्यावे.