सौ. लोरेटा लिन

परवा मावशीच्या नावाने एक लग्नपत्रिका आली. पाकिटावर 'श्रीमती'. काकांना जाऊन आठ महिने झालेत, म्हणजे तसं काही चुकीचं नव्हतं. मावशीने चष्मा लावून आपलं नाव वाचलं आणि पत्रिका न उघडताच टीव्हीशेजारी ठेवून दिली. 'उघड की गं' म्हटलं, तर म्हणाली, 'तारीख मला माहितेय.'

त्या रात्री मी अमेरिकन कंट्री गायिका लोरेटा लिनचं 'मिस बीइंग मिसेस' हे गाणं लागोपाठ तीनदा ऐकलं. ड्रम्स नाहीत, बेस नाही. एक अकूस्टिक गिटार आणि बहात्तर वर्षांच्या बाईचा आवाज. नवरा गेलाय, डाव्या हातातली लग्नाची अंगठी आज तिने काढून उजव्या हातात घातलीय, आणि आज रात्री तिला 'मिसेस' असण्याची आठवण येतेय. बास, एवढंच गाणं. हे 'मिसेस' मराठीत कसं आणायचं असा प्रश्न पडायच्या आतच उत्तर टीव्हीशेजारी पडलेलं होतं. सौ.

हे गाणं ज्या अल्बममधलं आहे तो 'व्हॅन लिअर रोझ', २००४ सालचा. कंट्री म्युझिक म्हटलं की आपल्याकडे जॉन डेन्व्हरच्या दोन गाण्यांवर गाडी थांबते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोरेटा केंटकीतल्या बुचर हॉलर नावाच्या खोऱ्यातली. बाप कोळसा खाणीत, घरात आठ भावंडं. पंधराव्या वर्षी लग्न, वीस वर्षांची होईपर्यंत चार मुलं. नवरा ऑलिव्हर, सगळे त्याला 'डू' म्हणत. दारूडा आणि बाहेरख्याली. पण बायको भांडी घासताना गुणगुणते ते बरं वाटतं म्हणून तिला सिअर्स नावाच्या दुकानातून सतरा डॉलरची, हार्मनी कंपनीची गिटार आणून देणाराही तोच. १९६० मध्ये तिची पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा ती गाडीत टाकून हे दोघं रेडिओ स्टेशनामागून रेडिओ स्टेशनं पालथी घालत फिरले. पुढे गर्भनिरोधक गोळीवर तिने गाणं केलं, 'द पिल', १९७५ साली. कित्येक स्टेशनांनी ते वाजवायलाच नकार दिला, आणि लोकांनी मागून मागून ऐकलं.

आता माझं भांडण. या अल्बमबद्दल काहीही वाचायला घ्या, गोष्ट एकच असते: द व्हाइट स्ट्राइप्स या बँडचा जॅक व्हाइट, तेव्हा अठ्ठावीसचा रॉकस्टार, आला आणि अडगळीत पडलेल्या म्हातारीला त्याने बाहेर काढलं. पोराचं श्रेय नाकारत नाही. त्याने आपला एक अल्बम तिला अर्पण केला होता, तिने त्याला घरी बोलावून चिकन अँड डम्पलिंग्ज खाऊ घातले होते, तिथून ओळख. नॅशव्हिलमधल्या एका घरातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, आवाजावर पॉलिश चढवलं नाही, हे त्याचंच शहाणपण. पण गाणी कुणाची? पहिल्यापासून शेवटपर्यंत तिची. चार दशकांच्या कारकिर्दीत सगळीच्या सगळी गाणी स्वतः लिहिलेला हा तिचा पहिला अल्बम. एका ठिकाणी जोडीला जॅकचं नाव आहे, तेही ती बोलत असताना त्याने रेकॉर्ड केलं आणि मागे संगीत भरलं म्हणून. त्या 'लिटल रेड शूज'मध्ये ती गातच नाही. लहानपणी आपण किती आजारी होतो आणि आईने दुकानातून आपल्यासाठी लाल बूट कसे ढापले, ते ओसरीवर बसून सांगावं तसं सांगते.

उलट जॅक जिथे जास्त दिसतो तिथेच अल्बम पडतो असं माझं मत. 'हॅव मर्सी'मध्ये गिटार इतकी अंगावर येते की बाई मागच्या खोलीतून गातेय असं वाटतं. 'पोर्टलंड, ओरेगन'ला मात्र माफ. दोघांचं दारू पिऊन बहकण्याचं गाणं, वयात चाळीसहून अधिक वर्षांचं अंतर, आणि दोघांपैकी लाजत कोणीच नाही.

'फॅमिली ट्री' ऐका. नवरा जिच्याकडे राहतोय तिच्या दारात ही बाई जाऊन उभी राहते. सोबत पोरं, नवऱ्याचा म्हातारा कुत्रा आणि थकलेली बिलं. भांडायला नाही आले, म्हणते, पोरांच्या बापाला बाहेर पाठव. त्या थकलेल्या बिलांपाशी मी दरवेळी हसतो आणि मग वाईट वाटतं. गाण्यात ती बिलं आणायला संसारच केलेला असावा लागतो. 'विमेन्स प्रिझन'मध्ये तर नवऱ्याला गोळी घालून झालीय, आता फाशीची शिक्षा, आणि शेवटी कानावर येतं ते आईचं रडणं.

आणि याच अल्बममध्ये 'मिस बीइंग मिसेस'. डू १९९६ मध्ये गेला. म्हणजे एका गाण्यात ज्याला बाहेर काढ म्हणून दारात उभी राहिली, दुसऱ्यात ज्याला गोळी घातली, त्याच्याचसारख्या माणसासाठी तिसऱ्यात रात्र जात नाही. कुणी म्हणेल, ही विसंगती. आमच्या काकांनीही मावशीला काही कमी छळलं नाही. विसंगती वगैरे शब्द मावशीसमोर काढायची माझी टाप नाही.

ग्रॅमी दोन मिळाले, त्यातला एक सर्वोत्तम कंट्री अल्बमचा. कंट्री रेडिओने मात्र फारसं विचारलं नाही. त्यांना तरुण आणि गुळगुळीत हवं होतं. गंमत म्हणजे तेव्हा जग तिला खऱ्या वयापेक्षा तीन वर्षांनी लहान समजत होतं. जन्मसाल १९३२ आहे हे पुढे २०१२ मध्ये कागदपत्रांतून बाहेर आलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली, नव्वदाव्या वर्षी.

ऐकायचा असेल तर शेवटचं गाणं आधी ऐकू नका. 'स्टोरी ऑफ माय लाइफ'मध्ये ती लग्न, पोरं, गाणं, सगळं आयुष्य तीनेक मिनिटांत उरकते. तिच्यावर सिनेमा निघाला, त्यातल्या नायिकेला ऑस्कर मिळालं. त्या सिनेमापाशी येऊन ती विचारते, एवढा गाजला म्हणता, मग पैसे कुठे गेले? आणि हसते.