बॅकअपचे वेळापत्रक ठरवू पाहणाऱ्यांस काही अनुभवसिद्ध सूचना

आपल्या कार्यालयात सात-आठ सर्व्हर असतील, आणि त्यांतील कोणाचा बॅकअप घ्यावा व किती दिवसांनी घ्यावा असा प्रश्न आपणांस पडला असेल, तर सर्वप्रथम एक पथ्य पाळावे. त्या सर्व्हरवर जे लोक दिवसभर काम करतात त्यांना या चर्चेला अजिबात बोलावू नये. ही माणसे 'आमचे अर्ध्या दिवसाचे काम गेले तरी आम्ही मेलो' असली विधाने करून बैठकीचा रंग घालवतात. मालक, खरेदी विभागाचे प्रमुख आणि हार्ड डिस्कचे दरपत्रक एवढी मंडळी पुरेशी आहेत. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील ज्या कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो, तेथे ही पद्धत काही वर्षे उत्तम चालली. गेल्या महिन्यातील एक सोमवार सोडला तर तक्रारीला जागा नव्हती.

सर्व्हरची निवड करताना त्यावर काय आहे हे पाहू नये. तो गेल्यास कोण ओरडेल हे पाहावे. आमच्याकडे हिशेबाच्या सर्व्हरचा बॅकअप रोज होतो, कारण कंपन्यांच्या हिशेबवह्या संगणकावर असतील तर त्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावी, असा नियम ऑगस्ट २०२२ मध्ये झाला आणि लेखापरीक्षक तो विसरत नाहीत. फाइल सर्व्हरचाही रोज होतो, तोही संपूर्ण, कारण त्यात साहेबांच्या चिरंजिवांच्या लग्नाचे १८० जीबीचे चित्रीकरण आहे. तीस दिवसांच्या प्रती ठेवायच्या असल्यामुळे ते लग्न आमच्या डिस्कवर तीस वेळा लागलेले आहे. त्याचे जवळपास साडेपाच टेराबाइट होतात. उरलेली जागा कारखान्यासाठी. स्टोअर आणि डिस्पॅचच्या सर्व्हरला बैठकीत 'मध्यम महत्त्वाचा' असा दर्जा मिळाला आणि आठवड्यातून एकदा बॅकअप मंजूर झाला. माल आत येणे आणि माल बाहेर जाणे ही कारखान्याच्या दृष्टीने मध्यम महत्त्वाची कामे आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे सगळ्यांची लॉगिन-नावे आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरचा, बॅकअप घेऊच नये. दोन आहेत ना, एकाचा दुसरा बॅकअप! मर्स्क या जहाज कंपनीचाही असाच विश्वास होता. तिच्याकडे असे सुमारे १५० सर्व्हर जगभर एकमेकांशी जुळवून ठेवलेले होते, आणि जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा संगणकातील माहिती नासवणारा व्हायरस आला तेव्हा ते सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एक, घानामधला, आणि तोही तेथील वीज गेल्यामुळे नेमका त्या वेळी बंद होता म्हणून. थोडक्यात, बॅकअपवर खर्च करण्यापेक्षा योग्य वेळी वीज जाईल अशा गावी कार्यालय थाटावे.

रेड (RAID, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी काम चालू राहावे म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची सोय) लावलेली असेल तर बॅकअपचा विचारही मनात आणू नये, आणि डिस्कवरचा लाल दिवा हा शोभेचा समजावा.

बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच कपाटात, शक्यतो त्याच्या डोक्यावर ठेवावी, म्हणजे दोघांना एकमेकांची सोबत होते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीची डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली, तेव्हा काही ग्राहकांचे सर्व्हर आणि त्यांचे बॅकअप असेच शेवटपर्यंत सोबत होते.

कोणी बाहेरगावी प्रत ठेवा असे सुचवलेच, तर १०० एमबीपीएसच्या लाइनवरून दोन टेराबाइटचा पूर्ण बॅकअप रोज रात्री पाठवण्याचे वेळापत्रक करावे. एका रात्रीचा बॅकअप पोहोचायला चव्वेचाळीस तास लागतात, हा हिशेब बैठकीत करू नये. रविवारी पूर्ण आणि इतर दिवशी फक्त बदललेले, अशी सोय असते, हेही सांगू नये.

आता वेळ कोणती निवडावी याविषयी. आमच्या साप्ताहिक बॅकअपची वेळ मुळात रविवारी दुपारची होती, कारण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या देशात रविवारी सुट्टी असते. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. रविवारी यंत्रे चालू, डिस्पॅचचा संगणक मुंगीच्या पायाने चालायचा, आरडाओरडा व्हायचा. म्हणून कोणीतरी ती वेळ गुरुवारी हलवली. आमच्या भागात गुरुवारीच सुट्टी का असते, हा प्रश्न त्याला पडला नाही. ती सुट्टी असते कारण त्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात! यूपीएस अर्धा तास तग धरतो आणि बॅकअपला लागतात तीन तास. वीज लवकर आली तर बॅकअप पूर्ण, नाही तर अर्धवट. म्हणजे कारखान्याच्या नोंदी टिकतील की नाही, हे खांबावर चढलेला वायरमन ठरवत होता. घानाला वीज गेली म्हणून एक कंपनी वाचली. आमच्याकडे ती गेली म्हणून एक गुरुवार हुकला, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी स्टोअरच्या सर्व्हरची दुसरी डिस्क गेली. पहिली केव्हाच गेली होती. तो शोभेचा दिवा तिचाच होता.

बॅकअप फसल्याची ईमेल येत नव्हती का? येत होती. ती माझ्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांच्या पत्त्यावर जात होती, आणि ते नोकरी सोडून गेले आहेत. यात लाजण्यासारखे काही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून चालू सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नाही असे आढळले, आणि बॅकअप फसल्याच्या ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. त्यांना तारले ते एकाने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेल्या प्रतीने. आमच्याकडे सहा तासांपूर्वीची प्रत नव्हती. अकरा दिवसांपूर्वीची होती.

अकरा दिवस. आवकेच्या पावत्या, डिस्पॅचची चलने, परत आलेला माल, मिळून चौदाशेच्या आसपास नोंदी. स्टोअरमधील ताईंना निवृत्त व्हायला दीड वर्ष आहे. त्या आणि एक शिकाऊ मुलगा कार्बनच्या पुसट प्रतींवरून चार दिवस रात्री दहापर्यंत त्या नोंदी पुन्हा भरत बसले. काही चलनांचे ई-वे बिल सरकारी पोर्टलवरून उतरवता आले, म्हणजे आमचा बॅकअप आमच्यापेक्षा सरकारकडे बरा होता. दुसऱ्या रात्री ताईंनी मला विचारले, "सर, रोज का नाही हो घेत याचा?" मी म्हणालो, जागा नव्हती. त्यांना लग्नाविषयी माहीत नव्हते. मी सांगितलेही नाही.

आता मात्र सरळच बोलतो, कारण वाकड्यात बोलायचा कंटाळा आला. किती वेळाने बॅकअप घ्यायचा हा डिस्कच्या किमतीचा प्रश्नच नाही. किती तासांचे काम ती माणसे पुन्हा करू शकतील, एवढाच तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ज्यांना ठाऊक असते त्यांना तुम्ही बैठकीला बोलावत नाही. दर तासाला चलने निघतात त्या सर्व्हरला आठवड्याचा बॅकअप देताना तुमच्यापैकी एकाने तरी तोंड उघडले होते का? प्रिंट सर्व्हर गेला तर तो दुपारपर्यंत नव्याने उभा करता येतो. त्याच्या रोजच्या प्रती घेताय, आणि जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही ते वायरमनच्या भरवशावर सोडताय! आणि मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. दोन वर्षे पडद्यावर 'बॅकअप झाला' अशी जुनी हिरवी खूण बघून मी घरी जात होतो. ईमेलचा पत्ता बदलायला पाच मिनिटे लागली असती, आणि एकही बॅकअप मी एकदासुद्धा परत उतरवून पाहिला नव्हता. नशीब, अकरा दिवसांपूर्वीचा उघडला. तोही उघडला नसता तर काय, हा विचार मला अजून रात्री उठवतो.

तेव्हा हे वाचून झाल्यावर डिस्कचे दर बघत बसू नका. उठा, स्टोअरमध्ये जा, तिथे जे कोणी बसले असेल त्यांना विचारा की कालपासूनचे सगळे गेले तर काय कराल. आणि जाता जाता सर्व्हरच्या खोलीत डोकावून लाल दिवा लागला आहे का, तेवढे बघा.