एकरी किती, हे सगळे विचारतात. घराचं कोण विचारतं?

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हापासून धुळे, नरडाणा, शिरपूर या पट्ट्यात कुठल्याही टपरीवर बसा, विषय एकच. जमिनीचे एकरी किती भेटतील? 309 किलोमीटरचा मार्ग, 18,036 कोटींचा खर्च, खान्देशाने पिढ्यानपिढ्या वाट पाहिलेली गाडी. येऊ द्या, माझा विरोध नाही. पण या सगळ्या गप्पांत ज्याचं शेत नाही, फक्त घर आडवं येतंय, तो माणूस कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. त्याचा हिशेब एकरात बसतच नाही.

जुना सहा नंबरचा हायवे (आता 53) चौपदरी होताना हेच पाहिलं. शेतवाले निदान एकत्र आले, वकील लावला, मोर्चे काढले. घरवाले एकेकटे पडले आणि एकेकटेच सह्या करून आले.

माझं मत सरळ आहे. सरकार घर घेत असेल, तर तेवढंच घर आजच्या भावात पुन्हा उभं राहील एवढे पैसे हातात पडले पाहिजेत. ही काही मेहेरबानी नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तरी कलम 300-अ शाबूत आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही. मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी फोडून सांगितलं: नोटीस द्या, म्हणणं ऐका, कारणांसह निर्णय द्या, सार्वजनिक हेतू दाखवा, वाजवी भरपाई द्या, आणि हे सगळं वेळेत पुरं करा.

आता घरवाल्याचं गणित कुठे फसतं ते बघा. 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे. त्यात जमिनीचा बाजारभाव काढतात, ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 च्या गुणकाने गुणतात, त्यात घर, झाडं, विहीर यांची किंमत मिळवतात, आणि सगळ्या बेरजेवर आणखी 100 टक्के दिलासा रक्कम देतात. ऐकायला झकास. पण गुणक लागतो जमिनीला, घराला नाही. गावठाणातल्या घराखाली जागा असते किती? दोन गुंठे, फार तर तीन. म्हणजे घरवाल्याचा सगळा जीव बांधकामाच्या किमतीत अडकलेला, आणि ती किंमत ठरते बांधकाम खात्याच्या इंजिनिअरच्या कागदावर.

पारोळा तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या एका घराच्या संयुक्त मोजणीला मी हजर होतो. जुनं धाब्याचं घर. सागाच्या दांड्या, भिंतीत धान्याचं बळद, दर पावसाळ्याआधी खारी माती टाकून जपलेलं धाबं. इंजिनिअर साहेबांनी टेप लावला, लांबी-रुंदी घेतली आणि लिहिलं, "मातीचे बांधकाम, जुने." झालं. त्या दांड्या आज लाकडाच्या अड्ड्यावर विकायला काढल्या तर व्यापारी घरी येऊन घेऊन जाईल, पण कागदावर त्यांची नोंद नाही. परसातला गोठा "तात्पुरता" म्हणून सोडला. आड मोजायचा राहिला, तो आम्ही दाखवला म्हणून लिहिला गेला. घरातले जिभाऊ ओट्यावरून म्हणाले, "घर ते गयंच, आते पैसा बी जातीन का?" त्यावर सोबतचा कर्मचारी हसला. मला नाही हसू आलं.

मग त्या किमतीतून घसारा वजा होतो. घर जितकं जुनं, तितकी रक्कम खाली. कायद्याच्या कलम 29 मध्ये घराचा बाजारभाव काढताना तज्ज्ञ इंजिनिअरची मदत घ्या असं म्हटलंय, घसारा कापा असं तिथे कुठे लिहिलेलं नाही. विकायचं असतं तर जुन्या घराचा कमी भाव मी समजू शकतो. पण इथे माणूस विकायला निघालेलाच नाही. त्याला जुनं घर देऊन जुनं घर विकत मिळत नाही, नवंच बांधावं लागतं, आणि सिमेंटवाला, सळईवाला, गवंडी यांच्यापैकी कोणी घसारा धरून बिल लावत नाही.

जमिनीच्या भावातही एक गोम आहे. मागच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं घेतात, त्यातल्या वरच्या दरांच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात, आणि ती रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारी दरपत्रकाशी, ताडून जे जास्त ते धरतात. आपल्याकडे स्टॅम्प ड्युटी वाचवायला खरेदी कमी दाखवायची पद्धत किती जुनी आहे ते मी सांगायला नको. ते वाचवलेले पैसे भूसंपादनात व्याजासकट फिटतात.

मूल्यांकन चुकलं तर काय होतं, हे धुळे जिल्ह्याला वेगळं सांगायची गरज नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांची जमीन वीजप्रकल्पासाठी गेली. शेजारच्यांना कितीतरी जास्त आणि आपल्याला सुमारे चार लाख, ही त्यांची तक्रार होती. हेलपाटे घालून थकल्यावर ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत ते गेले. त्यानंतर सगळे पक्ष हळहळले. पंचनामा करणारी पद्धत मात्र तीच आहे.

हायवेसाठी घर गेलं असेल तर कायदा वेगळा, 1956 चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. तिथे प्रांताधिकारी रक्कम ठरवतात आणि ती मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं. मोबदल्याचं सूत्र मात्र 1 जानेवारी 2015 पासून 2013 च्या कायद्याचंच आहे. त्याआधीच्या लोकांना दिलासा रक्कम मिळतच नव्हती. सप्टेंबर 2019 मध्ये तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भेदभाव रद्द केला.

आणखी काही गोष्टी, ज्या मोजणीच्या दिवशी कोणी सांगत नाही. 2013 च्या कायद्याखाली अर्धंच घर जात असेल आणि उरलेल्यात राहणं शक्य नसेल, तर "पूर्ण घर घ्या" असं मागता येतं, कलम 94. पुढची खोली आणि जिना गेल्यावर मागचं स्वयंपाकघर घेऊन माणूस काय करणार? दुसऱ्या अनुसूचीत मोबदल्याशिवाय वेगळं पुनर्वसन आहे: घर गेलेल्याला घर, वर्षभर महिन्याला 3,000, सामान हलवायला 50,000, एकरकमी आणखी 50,000, गोठ्याला किमान 25,000. आकडे 2013 चे आहेत, आज त्यात काय होतं ते ज्याने नुकताच गोठा बांधला त्याला विचारा. तरी हक्काचे आहेत, सोडू नका. निवाड्याच्या, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या आदेशाच्या, रकमेवर याच कायद्याच्या कलम 96 प्रमाणे आयकर नाही.

कागदाचं वेगळंच दुखणं. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टीचा उतारा), आणि त्यावर बहुतेक ठिकाणी वारलेल्या आजोबांचं नाव. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाल्या आहेत. तुमच्या गावची झाली असेल तर पत्रिका काढून घ्या आणि वारस नोंद आत्ताच करा. भावाबहिणींचा वाद उभा राहिला की रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते आणि तिथे ती आरामात झोपते.

सहीबद्दल. "सही करी टाका, नहीते पैसा कोर्टमा जातीन," असं घाबरवणारे गावात दोन-चार असतातच. पैसे घ्या, पण पावतीवर "हरकत राखून स्वीकारले" असं लिहा. ते लिहिलं नाही तर वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 खाली अर्जच करता येत नाही. मुदतही छोटी आहे, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. थेट खरेदीचं संमतीपत्र पुढे आलं तर ते घरी आणा आणि वकिलाला दाखवा, त्यात पुढे दाद न मागण्याची ओळ असते.

आणि मुदत गेलीच असेल, तर एक दार उघडं राहतं. भूसंपादनाच्या त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कोणाला प्राधिकरणाने वाढवून दिलं, तर त्या आदेशापासून तीन महिन्यांत कलम 73 खाली तुम्हालाही अर्ज करता येतो, त्याच्या निकालाची प्रत जोडून. म्हणून शेजारी दाद मागायला गेला असेल तर त्याच्याशी बोलणं चालू ठेवा, बांधावरून भांडण असलं तरी.