सिनेमाला प्रमाणपत्र, मग मालिकांना?
सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र बघूनच मुलांना सिनेमाला न्या, हा एका लेखात वाचलेला सल्ला पटला. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे (म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे) वयानुसार ७+, १३+, १६+ असे टप्पे पाडले ते फार बरं झालं, आधी नुसत्या ‘यूए’वरून काही कळायचंच नाही. पण टीव्ही मालिकांचं काय? त्यांना प्रसारणाआधी सेन्सॉर बोर्डाकडे जावंच लागत नाही. आमच्याकडे ऐन जेवणाच्या वेळी मालिकेतली सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत असते आणि लेक हातातला घास तसाच धरून विचारते, “आई, आपली आजी असं करेल?” चुंबनाचं दृश्य आलं की आपण लगेच रिमोट शोधतो, हे मात्र कौटुंबिक म्हणून चालतं! मला हे जास्त घातक वाटतं. ओटीटीवर वयाचा टप्पा दाखवतात, तसा मालिकांनाही दाखवायलाच हवा.